जोते आणि कूड

महाडहून रायगडाकडे निघालेला रस्ता डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळणे घेत पाचाडला येऊन पोहोचतो, तेव्हा प्रवाशाची दृष्टी साहजिकच वर, गडाच्या उभ्या कड्याकडे जाते, आणि पायथ्याशी पसरलेल्या या लहानशा गावात थांबून पाहण्यासारखे काही असेल, याचे भान बहुतेकांस राहत नाही. ज्यांस ते राहते ते राजमाता जिजाबाईंच्या समाधीचे दर्शन घेतात, वाड्याच्या कोटात क्षणभर डोकावतात आणि येथे तर काहीच उरलेले नाही, असे पुटपुटत गडाची वाट धरतात. त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. पडका तट, ओळीने मांडलेली काळ्या दगडाची जोती, पायऱ्यांचे काही चिरे आणि विहिरी एवढाच या वाड्याचा आजचा ऐवज आहे. त्या जोत्यांवर एके काळी उभे असलेले खांब, खांबांवरच्या तुळया, तुळयांवरचे वासे आणि वाशांवरचे छप्पर यांपैकी एक काडीही आज दृष्टीस पडत नाही.

गडमाथ्यावरचा वारा आणि गारठा उतारवयात मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी मातुःश्रींसाठी हा वाडा पायथ्याशी बांधविला, आणि राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, 17 जून 1674 रोजी, मातुःश्रींनी येथेच देह ठेवला, हे सर्वश्रुत आहे. परंतु इतिहासाच्या या परिचित वाक्यात वास्तुशास्त्राचा एक पहिला धडा दडलेला आहे, तो सहसा कोणी वाचत नाही. राजधानीवर प्रशस्त वाडे उभे असताना एका वृद्ध शरीराला काय सोसेल याचा विचार होऊन घराची जागा बदलली गेली. जागा, हवा आणि राहणारा मनुष्य यांचा मेळ आधी घालावा आणि भिंती मागाहून उभाराव्या, हा तो धडा होय. आज ज्याला शाश्वत वास्तुरचना असे भारदस्त नाव प्राप्त झाले आहे, त्या शास्त्राचा आरंभबिंदू याहून वेगळा नाही.

परंतु पाचाडच्या जोत्यांपाशी उभे राहिले असता मनात जो प्रश्न येतो तो याच्याही पलीकडचा आहे. जे उरले ते दगडाचे, जे गेले ते लाकडाचे, मातीचे आणि गवताचे. तर मग यांपैकी शाश्वत कोणते म्हणावे? व्यवहारात आपण शाश्वत आणि टिकाऊ हे शब्द समानार्थी समजतो, आणि त्या न्यायाने पाहिले तर उत्तर सोपे आहे. परंतु जुन्या कोकणी गवंड्याने आणि सुताराने या दोन गोष्टींची फारकत केव्हाच केली होती. ज्याला पाण्याशी आणि जमिनीशी झुंज द्यावयाची त्याने कायमचे टिकावे, म्हणून जोते दगडाचे. आणि ज्याला मनुष्याच्या गरजेप्रमाणे बदलावयाचे, वाढावयाचे, मोडावयाचे आहे त्याने काम सरताच निमूटपणे मातीला मिळावे, म्हणून भिंत कुडाची. एक शतकानुशतके उरते, दुसरे मागे काही ठेवत नाही. आणि पृथ्वीच्या हिशेबात दोन्ही निर्दोष ठरतात. दोष येतो तो तिसऱ्या प्रकारात, जो धड पुरेसा टिकतही नाही आणि धड मातीला मिळतही नाही. शाश्वत वास्तुरचनेच्या उगमाची आणि वाटचालीची कथा या तीन प्रकारांच्या संबंधाची कथा आहे, असे माझे मत आहे.

प्रथम दगडाकडे आणि पाण्याकडे वळू. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंच आहे. महाडच्या या टापूत वर्षाकाठी 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तरीही काळ्या कातळावर पडलेले पाणी पाहता पाहता दऱ्यांत उतरून सावित्रीच्या दिशेने चालते होते, आणि वैशाखात याच मुलखातल्या वाड्या-वस्त्या घागरभर पाण्यासाठी तळमळतात. अतिवृष्टी आणि पाणीटंचाई या दोन विरुद्ध वाटणाऱ्या आपत्ती एकाच वर्षात भोगणाऱ्या प्रदेशात राजधानी वसवावयाची, तर पाणी धरून ठेवणे हेच इमारतीचे पहिले काम ठरते. गडाचे बांधकाम ज्याच्या देखरेखीखाली झाले त्या हिरोजी इंदुलकराचे नाव जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर कोरलेले आहे, हे शाळेतले मूलही सांगते. मात्र त्याच मंदिराच्या शिलालेखात वाडे आणि स्तंभ यांच्या जोडीने विहिरी व तलाव यांचाही उल्लेख आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. इमारतींसाठी लागणारा दगड गडावरच काढला गेला आणि दगड काढून पडलेल्या खळग्यांत पाणी साठविले गेले; गंगासागर तलावाची उत्पत्ती अशीच सांगतात. खाण आणि तलाव ही दोन कामे एकाच खर्चात उरकली, वर दगड वाहून आणण्याचे श्रम वाचले, आणि जमिनीला पडलेला घाव निरुपयोगी न राहता गडाचे जीवन झाला. एका कामातून उरलेले दुसऱ्याचे साधन व्हावे, हे आधुनिक शाश्वततेचे सूत्र याहून अधिक नेमकेपणाने दाखवता येणार नाही.

ही केवळ कारागिरांची चतुराई नव्हती. राज्याच्या धोरणात तिला स्थान होते, याचा लेखी पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त मिळतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेला हा राजनीतीचा ग्रंथ शिवकाळाचा अनुभव प्रत्यक्ष घेतलेल्या मुत्सद्द्याचा आहे. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, पाणी नसेल आणि स्थळ तर आवश्यक असेल तर खडक फोडून तळी-टाकी करावीत, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, साठवलेल्या पाण्याचा जपून खर्च करावा, असा त्यातील आशय आहे. गडावरील केरकचरा खाली न लोटता जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाजीपाला करावा, अशीही त्यात तजवीज आहे. आणि आरमारासाठी लाकूड हवे असले तरी आंबा, फणस यांसारख्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात; एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे, असा स्पष्ट हुकूम आहे. इमारतीचे लाकूड म्हणजे झाडाच्या आयुष्याची आणि मनुष्याच्या श्रमाची उचल आहे, ती परत कशी फेडणार याचा जाब आधी दिला पाहिजे, ही जाणीव त्या हुकुमात आहे.

आता कुडाकडे येऊ. पाचाडच्या आसपासच्या डोंगरउतारांवर कारवी माजते. सात वर्षांनी एकदा सारा डोंगर जांभळ्या फुलांनी भरून टाकणारी आणि बी धरून झाल्यावर मरून जाणारी ही वनस्पती कोकणच्या गरिबाच्या भिंतीचा सांगाडा आहे. पावसाळा सरल्यावर तिचे सरळ, बोटाएवढे जाड काटके तोडून आणतात, सुकवतात, उभे मांडून बांबूच्या आडव्या कामट्यांशी बांधतात, आणि मग त्यावर दोन्ही अंगांनी चिखलाचा गिलावा चढतो. हा चिखल म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात भाताचा तूस असतो, शेण असते. पायांनी तुडवून, भिजत ठेवून तो मुरवलेला असतो. तुसाचे तंतू मातीला भेगा पडू देत नाहीत, शेणाने गिलाव्याला चिकटपणा येतो, आणि बोटांनी लिंपताना राहिलेल्या वळांतून बाईच्या हाताचा ठसा भिंतीवर उमटतो. अशी भिंत चार बोटे जाडीची, वजनाला हलकी, आणि हवेतला दमटपणा शोषून पुन्हा सोडणारी असते. छताचा भार तिच्यावर नसतोच. तो ऐन, किंजळ किंवा सागाच्या मेढींवर असतो. त्यामुळे एखादी बाजू पावसाने खाल्ली तर तेवढीच काढून नवी बांधता येते. कुटुंब वाढले तर कूड पुढे सरकतो. भावाभावांत वाटणी झाली तर मधे एक कूड उभा राहतो आणि पुढे समेट झालाच तर तोही निघतो.

छप्पर मात्र या घराचे खरे सर्वस्व होय. सह्याद्रीच्या या अंगाला पाऊस वरून पडतो त्याहून अधिक आडवा येतो. त्या झडीपासून मातीच्या भिंतीचे रक्षण करावयाचे तर पाख्याला भरपूर उतार हवा आणि वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे यावयास हवी. म्हणून कोकणातले घर दुरून पाहिले तर बहुतांशी छप्परच दिसते; भिंती त्याच्या सावलीत लपलेल्या असतात. पुढची पडवी ही बैठकीची जागा असते तशीच ती भिंतीची छत्रीही असते. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर पडते, आणि जोते दगडाचे असल्याने उडालेल्या थेंबांनी त्याचे काही बिघडत नाही. उन्हाळ्यात कौलांच्या फटींतून माळ्यावरची तापलेली हवा निघून जाते, ओटी ते परसदार अशा सरळ रेषेतल्या दारांमधून वारा खेळतो, आणि दमट हवेत अंगाला जो गारवा मिळतो तो या वाहत्या वाऱ्यानेच मिळतो.

याच्या उलट वरंधा किंवा आंबेनळी घाट चढून देशावर, जेथे पाऊस झपाट्याने उणा होत जातो अशा पूर्वेकडच्या गावांत जावे, तर पांढरीच्या मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, लहान खिडक्या आणि सपाट धाब्याची घरे दिसू लागतात. तेथील हवा कोरडी. दिवस तापतो आणि रात्र निवते. जाड भिंत दिवसाचे ऊन आपल्या अंगात मुरवून घेते आणि ते आत पोहोचेतो रात्र झालेली असते. तीच भिंत पाचाडला बांधली तर चार महिन्यांत ओलीने फुगेल, आणि पाचाडचा कूड तेथे बांधला तर उन्हाच्या झळा सरळ माजघरात येतील. एकच भाषा बोलणारी, एकाच पंढरीला जाणारी माणसे एका डोंगराच्या दोन बाजूंस इतकी भिन्न घरे बांधतात, यात हौसेचा भाग थोडा आणि हवेचा हुकूम फार.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या घराची स्तुती करताना लेखणी सैल सुटते आणि त्या घरात राहणाऱ्यांनी काय सोसले याचा विसर पडतो. दर वर्षी मृगापूर्वी कौले चाळणे किंवा गवताने घर शाकारणे, दिवाळीच्या सुमारास अंगण चोपणे, दर आठ-पंधरा दिवसांनी जमीन सारवणे, या कामांना अंत नव्हता, आणि त्यांतील बराच भार बायकांच्या पाठीवर होता. चुलीच्या धुराने वाशांना वाळवी लागत नसे हे खरे, परंतु तोच धूर गृहिणीच्या डोळ्यांत आणि छातीत जात असे. कुडाच्या फटीत विंचू राहत, गवताला आग लागे. चिपळूणजवळ छावणीस असलेल्या आपल्या घोडदळाच्या जुमलेदारांना महाराजांनी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात, रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागून सारे भस्म होईल, अशी बारीक चिंता व्यक्त झाली आहे. शिवाय चिरेबंदी जोते आणि सागाचे खांब हे ज्याच्या पदरी जमीन त्याच्या नशिबी, आणि ज्याच्या पदरी काही नाही त्याला कारवीखेरीज पर्याय नाही, अशी विषमताही त्या रचनेत उघड होती. तेव्हा सिमेंट आले आणि लोकांनी ते आनंदाने स्वीकारले, यात त्यांची चूक काढणे अन्यायाचे होईल.

हे बदल कसे आले हेही पाहण्यासारखे आहे. पहिला बदल कौलाचा. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि यंत्रावर दाबून केलेली, एकमेकांत अडकणारी सपाट कौले समुद्रमार्गे कोकणच्या बंदरांत उतरू लागली. गावच्या कुंभाराच्या नळीच्या कौलांपेक्षा ती चाळण्याचे काम कमी आणि गळतीही कमी. त्यामुळे ती अल्पावधीत कोकणची ओळख बनली, इतकी की आज आपण त्यांनाच पारंपरिक म्हणतो. परकी वस्तू हवेला मानवली तर ती आपली होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. दुसरा बदल सिमेंटचा, आणि तो निराळ्या जातीचा होता. जोसेफ अॅस्पडिनने इंग्लंडात पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले ते 1824 साली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही भुकटी पोत्यांतून सह्याद्रीच्या कुशीत पोहोचली. सरकारी दफ्तरात कच्चे घर आणि पक्के घर असे दोन रकाने पडले, आणि मातीचा कूड ज्याच्या घराला त्याची नोंद कच्च्याच्या रकान्यात होऊ लागली. त्या एका शब्दाने कारवीची जितकी मानहानी केली तितकी शंभर पावसाळ्यांनी केली नसेल.

सिमेंटचा दोष कोणता, हे नीट समजून घेतले पाहिजे. चुनखडी भाजून चुना करावयास सुमारे 900 अंश सेल्सियस उष्णता पुरते. सिमेंटच्या भट्टीला सुमारे 1450 अंश लागतात. दोन्हींत चुनखडीतला कर्बवायू बाहेर पडतो. परंतु चुन्याची थोरवी ही की, घट्ट होताना तो हवेतला तोच वायू पुन्हा आपल्यात ओढून घेतो आणि दगडाकडे परत वळतो. सिमेंटकडून ही परतफेड थोडी होते आणि फार सावकाश. एक टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून अधिक कर्बवायू हवेत जातो, आणि साऱ्या जगाच्या कर्बवायूपैकी सुमारे 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याचा आहे. दुसरा दोष कोकणी मनुष्याला रोज दिसणारा आहे. काँक्रीटमधली लोखंडी सळई ओलीने गंजते, फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. स्लॅबचे पोपडे पडतात, सळया उघड्या पडतात, आणि अखेर त्या सपाट स्लॅबवर पाणी गळू नये म्हणून वर लोखंडी पत्र्याचे उतरते छप्पर चढवावे लागते. महाड तालुक्यात फिरताना अशी दुहेरी छपरांची घरे जागोजागी आढळतील. जो उतार पाडून टाकला तोच पदरचे पैसे खर्चून पुन्हा वर बसवावा लागला. आणि 50-60 वर्षांनी ते घर मोडावयाची वेळ येते तेव्हा त्यातून निघालेल्या राडारोड्याचे करावयाचे काय, याला उत्तर नसते. चुन्यात बांधलेल्या भिंतीचा दगड सुटा करून दुसऱ्या भिंतीत लावता येतो, कारण चुना दगडाहून मऊ असतो. सिमेंटने धरलेला दगड फुटतो, सुटत नाही.

जगाला या हिशेबाची जाणीव टप्प्याटप्प्याने झाली. इजिप्तमध्ये वास्तुविशारद हसन फथी याने 1940 च्या दशकात लक्सरजवळ नवे गुर्ना हे गाव कच्च्या विटांच्या कमानींनी आणि घुमटांनी उभारावयास घेतले. रचना अप्रतिम झाली, पण ज्यांना तेथे हलवावयाचे होते ते लोक आपली जुनी वस्ती सोडून जावयास राजी झाले नाहीत, आणि घर हे साहित्याने होत नाही, माणसांच्या संमतीने होते, हा कडू धडा त्यातून मिळाला. 1964 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात बर्नार्ड रुडोफ्स्कीने नाव नसलेल्या कारागिरांच्या वास्तूंचे प्रदर्शन भरविले, तेव्हा प्रतिष्ठित वास्तुविशारदांची दृष्टी खेड्यांच्या घरांकडे वळली. 1973 च्या तेलसंकटाने काचेच्या उंच इमारती थंड आणि ऊबदार ठेवण्याचा खर्च एकाएकी डोळ्यांत भरला. 1987 साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची संकल्पना राजदरबारी नेली. भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवाव्या, असा तिचा सारांश. त्यानंतर 1990 मध्ये ब्रिटनमध्ये आणि दशकाअखेरीस अमेरिकेत हरित इमारतींना गुण देण्याच्या पद्धती निघाल्या. भारतात ‘गृह’ ही त्याच जातीची पद्धती आली. या प्रमाणपत्रांनी वीज आणि पाणी यांची मोजदाद सुरू केली हा त्यांचा उपकार, आणि प्रमाणपत्र भिंतीवर टांगले की कर्तव्य संपले असा समज पसरवला हा त्यांचा अपकार.

परंतु आपल्याकडे हा विचार त्याआधीच बोलला आणि आचरला गेला होता. 1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास गेले, तेव्हा तेथील कुट्या माती, बांबू आणि गावठी कौले यांच्याच उभारल्या गेल्या. जगभरचे पुढारी ज्या खोलीत येऊन बसले ती बापू कुटी अशा भिंतींची आहे, आणि योग्य निगेमुळे ती आजही उभी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत गांधीजींची भेट झालेला लॉरी बेकर हा तरुण इंग्रज वास्तुविशारद पुढे भारताचाच झाला. घराचे साहित्य शक्यतो पाच मैलांच्या परिसरातले असावे हा विचार त्या भेटीतून मिळाल्याचे तो सांगत असे. केरळात त्याने आयुष्यभर तेच केले: विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवणारी भिंत, जिला सुमारे चतुर्थांश विटा कमी लागतात आणि जिच्यातल्या हवेमुळे आतला उष्मा कमी होतो, आणि स्लॅबच्या खालच्या भागात, जेथे काँक्रीटचा काही उपयोग नसतो तेथे, मंगळुरी कौले घालून वाचवलेले सिमेंट. सिमेंटला शत्रू न मानता त्याला मीठ-मसाल्याइतकेच वापरावे, ही त्याची वृत्ती कोकणाने उचलण्यासारखी आहे.

आणि तरीही एक गोष्ट साहित्यापेक्षाही मोठी आहे. 22 जुलै 2021 रोजी याच महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि 80 हून अधिक माणसे मातीखाली गेली. त्यापूर्वी 2005 च्या जुलैत जुई आणि दासगाव या गावांवर तोच प्रसंग गुदरला होता. त्या ढिगाऱ्यांखाली कौलारू घरेही गेली आणि सिमेंटचीही. डोंगर सरकला तेव्हा त्याने भिंत कशाची आहे हे विचारले नाही. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण खरे; परंतु उतारावर मुरलेले पाणी कोठे साठते, ओढ्याची जुनी वाट कोठे होती, डोंगराचा पाय कोठे तोडला गेला, हे प्रश्न घराच्या नकाशात येत नाहीत तोवर कोणतीही रचना शाश्वत म्हणवून घेण्यास पात्र होत नाही. पाणी पाहून मगच बांधावे, ही अमात्यांची आज्ञा गडांपुरती होती. आता ती प्रत्येक वाडीला लागू करण्याची वेळ आली आहे.

मग आज पाचाडसारख्या गावात घर बांधणाऱ्याने काय करावे? त्याने कारवीच्या कुडात परत जावे, असे मी म्हणणार नाही. मेढीला लागणारे लाकूडही आता डोंगरात पूर्वीसारखे उरलेले नाही. परंतु जोते स्थानिक काळ्या दगडाचे आणि उंच असावे, छप्पर उतरते आणि वळचण रुंद असावी, पश्चिमेच्या झडीकडे मोठ्या खिडक्या नसाव्यात, ओटी ते परस वारा खेळावा, छपराचे पाणी पन्हळीने टाकीत उतरावे, आतल्या भिंतींना हलक्या, सुट्या होणाऱ्या साहित्याची मुभा असावी, या गोष्टी आजच्या गवंड्यालाही करता येतात आणि त्यांना फार पैसाही लागत नाही. चुन्याचा घाणा पुन्हा फिरू शकतो. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत गूळ, हिरडा, बेलफळाचे पाणी घातलेला चुना आजही मळला जातो, आणि 2025 च्या जुलैत रायगडासह बारा किल्ले मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाल्यापासून अशा कारागिरांचे मोल वाढावयास हवे. गडाखाली पर्यटकांसाठी जी नवी बांधकामे होत आहेत, त्यांनी जर ही शिस्त पाळली तर गडावर वारसा आणि पायथ्याशी राडारोडा, असा विसंवाद टळेल.

1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरील वाडे पेटवले, आणि लाकडाचे जे होते ते जळून गेले. जोती मात्र राहिली. पाचाडचा वाडा काळाच्या ओघात विरला, त्याचीही जोती राहिली. त्या कोटातल्या एका विहिरीच्या काठाशी दगडात घडवलेला तक्क्यासारखा टेकू आहे. जिजाबाई तेथे बसून पाण्याला आलेल्या बायकांची विचारपूस करीत, असे परंपरा सांगते. सांगणे खरे असो वा नसो, विहिरीपाशी टेकून बसण्याची सोय बांधणाऱ्याने केली, एवढे तर दगडच सांगतो. पाणी आणि माणूस यांचा विचार त्या चिऱ्यात एकत्र आला आहे.

वाचकांपैकी कोणी कोकणात घर बांधावयास निघाला असेल, तर त्याला माझी एकच विनंती आहे. जागा घेतल्यावर लगेच पाया खणू नये. तेथे एक पावसाळा काढावा, निदान मृगापासून पितृपंधरवड्यापर्यंत चार-सहा वेळा भर पावसात जाऊन उभे राहावे. पाणी कोठून येते, कोठे थांबते आणि कोठे जाते, झड कोणत्या बाजूने बसते, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्यावे. पाया त्यानंतर खणावा.